अमूर्त आणि प्रायोगिक सिनेमा : इंदूरच्या आमच्या मंडळींना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही काही मंडळी इंदुरात एकत्र बसून असा सिनेमा बघतो, ज्यात बहुतेक वेळा गोष्ट नसते, आणि असली तरी ती सिनेमाला हाताला धरून पुढे नेत नाही. कुणी रामबागेतून येतं, कुणी लोकमान्य नगरातून, कुणी थेट देवासहून. नवीन येणारी माणसं साधारण तेच प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त असतात, आणि दाराशी चपला काढताना त्यांना धड उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिले आहेत.

अमूर्त सिनेमा आणि प्रायोगिक सिनेमा एकच का?

नाही. अमूर्त सिनेमात ओळखू येईल असा माणूस, वस्तू किंवा जागा नसते, निदान ठळकपणे नसते. रेषा, रंग, प्रकाश, अंधार आणि त्यांचा वेग एवढंच असतं. जर्मनीत १९२१ च्या सुमारास वॉल्टर रुटमन, हान्स रिश्टर यांच्यासारख्या चित्रकारांनी हे सुरू केलं. रिश्टरच्या ‘ऱ्हिदमस २१’मध्ये काळे, पांढरे, करडे चौकोन आणि आयत आहेत, बस. एक चौकोन वाढत वाढत पडदा व्यापतो, मग आक्रसतो, दुसरा त्याच्या मागून डोकावतो.

प्रायोगिक सिनेमाचा परिसर याहून मोठा. त्यात माणसं असतात, रस्ते असतात, कधी चक्क एखादी कथाही असते. पण कॅमेरा, आवाज आणि संकलन यांना त्या कथेची चाकरी करावी लागत नाही. हिंदीतले दिग्दर्शक मणी कौल यांचा सिनेमा या बाजूचा. आम्ही दोन्ही दाखवतो, आणि आज त्यातलं काय आहे ते आधी सांगतो.

“भिया, इसमें स्टोरी कब चालू होगी?”

शेजारच्या खुर्चीवरून हे कुजबुजत विचारलं जातं. खरं उत्तर असं, की गोष्ट सुरू होणार नाही. बघण्यासारखं जे आहे ते पहिल्या सेकंदापासून सुरू झालेलं आहे. पण नुसतं एवढं म्हटल्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून एकच उदाहरण नीट घेऊ.

स्टॅन ब्रॅकेज नावाच्या अमेरिकन माणसाने १९६३ साली ‘मॉथलाइट’ केली. जेमतेम चार मिनिटांची, पूर्ण मूक. ती करायला त्याने कॅमेरा वापरलाच नाही. दिव्यापाशी मरून पडलेल्या पतंगांचे पंख, फुलांच्या पाकळ्या, गवताची पाती त्याने गोळा केली आणि फिल्म जोडायच्या दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवली. त्या पट्टीवरून प्रत काढली, तीच फिल्म.

आता पडद्यावर काय होतं ते बघा. १६ मिलिमीटरच्या फिल्मची एक चौकट, म्हणजे फ्रेम, साधारण करंगळीच्या नखाएवढी. गवताचं पातं त्याहून कितीतरी लांब, त्यामुळे ते एका चौकटीत मावत नाही. दहा-वीस चौकटींवर पसरतं. सेकंदाला चोवीस चौकटी पुढे सरकतात, आणि त्या पात्याची एकच शीर पडद्यावर वळवळत, थरथरत राहते. पंख मात्र लहान, तो एक-दोन चौकटींत संपतो. म्हणून पंख दिसतो तो लखकन चमकून गेल्यासारखा, तपकिरी, आरपार प्रकाश जाणारा, कडेला फाटलेला. मेलेला पंख प्रोजेक्टरच्या वेगाने पुन्हा फडफडायला लागतो. ब्रॅकेजचं म्हणणं होतं, की जन्मापासून मरेपर्यंत पतंगाला काय दिसत असेल, ते आपण इथे बघतोय.

ही माहिती नसतानाही ती थरथर जाणवते. आमच्याकडे ही फिल्म बघून एक काकू म्हणाल्या, “एक शीर सरळ धावत होती आणि मधेच तुटली, तेव्हा माझा श्वास अडकला.” शीर कशाची, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. गोष्टीतल्या माणसाचं पुढे काय होणार याची ओढ लागते, तशी ओढ एका रेषेचीही लागू शकते. हा अनुभव एकदा आला, की वरचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

मला काहीच कळलं नाही तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि आमचं सगळं म्हणणंही याच उत्तरात आहे.

आपल्याला शाळेपासून सवय लागली आहे ती आशय शोधण्याची. कविता वाचली, की ‘कवीला काय म्हणायचं आहे?’ चित्र बघितलं, की ‘हे कशाचं चित्र?’ अमूर्त सिनेमापुढे ही सवय अडकते. अर्थ लागत नाही, मग आपण कमी पडलो असं वाटतं, किंवा राग येतो. आमचं सांगणं इतकंच आहे : अर्थ लावायच्या आधी वर्णन करा. काय दिसलं, कुठून आलं, कुठे गेलं, किती वेळ टिकलं, आवाज होता का, तो चित्राबरोबर थांबला की पुढेमागे. ‘मॉथलाइट’नंतर काकूंनी केलं ते हेच.

ऐकायला सोपं, करायला कठीण. सिनेमा संपल्यावर नव्या माणसाला विचारलं, की पहिलं उत्तर येतं ‘वेगळंच होतं’ किंवा ‘भारी होतं’ किंवा ‘डोक्यावरून गेलं’. हे तिन्ही आपल्याबद्दल सांगतात, पडद्याबद्दल काहीच नाही. मग आम्ही विचारतो, शेवटचा रंग कोणता होता? आणि माणूस थबकतो. तो पंधरा मिनिटं बघत होता, पण बघितलेलं हाती राहिलं नाही. पुढच्या खेपेला तोच माणूस सांगतो, निळा पट्टा उजवीकडून आला, दोनदा आला, दुसऱ्यांदा जाड होता. इतपत सांगता आलं, की अर्थाचा प्रश्न बदलतो. ‘याचा अर्थ काय’ऐवजी ‘दुसऱ्यांदा तो जाड का’ असं विचारता येतं, आणि या प्रश्नाचं उत्तर सिनेमातच सापडू शकतं.

इथे इंदूरच्या लोकांना चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींची आठवण होते. वाळलेलं पान, झाडाचं मूळ, फेकून दिलेली वस्तू हातात घेऊन गुरुजी त्यात पक्षी, माणूस, चेहरा दाखवायचे, आणि एकदा दाखवला की तो आपल्याला दिसायचा थांबत नसे. ती फार मोठी नजर होती. अमूर्त सिनेमा बघताना त्याच नजरेचा पहिला अर्धा भाग वापरायचा असतो. पान हातात घेऊन त्याची कड, डाग, मुरड न्याहाळण्याचा जो क्षण असतो, तो लांबवायचा. त्यातून पक्षी काढायची घाई करायची नाही. डाग दिसला की मेंदू लगेच ‘ढग’, ‘नकाशा’, ‘चेहरा’ म्हणतो. म्हणू द्या. त्याला अडवता येत नाही. पण तिथे थांबू नका, पुन्हा डागाकडे या.

आणि इतकं करूनही काही फिल्मा हाती लागत नाहीत. काही मलाही लागलेल्या नाहीत. तसं मोकळेपणाने म्हणावं.

खूप कंटाळा येतो. तो आमचा दोष की सिनेमाचा?

कधी सिनेमाचा, कधी आपल्या सवयीचा, आणि कधी कंटाळा हा त्या सिनेमाचाच भाग असतो. तिन्ही शक्यता खऱ्या आहेत.

मायकेल स्नो यांची ‘वेव्हलेंग्थ’ १९६७ ची, पंचेचाळीस मिनिटांची. न्यूयॉर्कमधली एक लांबलचक खोली, आणि पलीकडच्या भिंतीकडे हळूहळू जवळ जात राहणारा झूम. मधे एक माणूस येऊन जमिनीवर कोसळतो, एक बाई फोन करते, आणि झूम त्यांच्यासाठी थांबत नाही. शेवटी तो भिंतीवर लावलेल्या समुद्राच्या लाटांच्या फोटोत जाऊन पोचतो. सोबत एक विजेचा सूर सतत चढत जातो, चांगलाच तीव्र होतो. सुरुवातीच्या काही मिनिटांत चुळबुळ होते, फोन हातात घ्यावासा वाटतो. त्यानंतर बहुतेकांच्या बाबतीत काहीतरी बदलतं. खिडकीबाहेरचा ट्रक, काचेवरचा प्रकाश, चौकटीतून निसटत चाललेला छताचा तुकडा, अशा बारीकसारीक गोष्टी मोठ्या घटना वाटू लागतात. ज्यांच्या बाबतीत बदलत नाही, त्यांना पंचेचाळीस मिनिटं जड जातात. दोन्ही अनुभव आमच्या खोलीत शेजारी शेजारी बसलेले असतात.

मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’चा (१९६९) कंटाळा वेगळ्या जातीचा. बालो नावाची बाई बसड्रायव्हर नवऱ्याची भाकरी घेऊन बसथांब्यावर वाट बघते. मूळ कथा मोहन राकेश यांची. इथे वाट बघणं हाच विषय असल्यामुळे तिच्या वाट बघण्याचा वेळ आपल्यालाही काढावा लागतो. कंटाळा आला तर एक करून बघा : तिच्या मागचं झाड, रस्ता, भिंत स्पष्ट दिसते की पुसट, याकडे लक्ष द्या. कॅमेरामन के. के. महाजन यांनी दोन अगदी वेगळ्या लेन्स वापरल्या. एकीत जवळचं आणि लांबचं सगळं लख्ख दिसतं, दुसरीत एकच गोष्ट स्पष्ट आणि बाकीचं विरघळलेलं. प्रत्यक्ष वाट बघणं आणि मनात चाललेलं, अशी ती विभागणी सुरू होते आणि मग सरमिसळ होत जाते. बालो आत्ता थांब्यावर उभी आहे की तिला तसं वाटतंय, हे सांगता येईनासं होतं. हे एकदा लक्षात आलं, की निम्मा कंटाळा जातो. उरलेला निम्मा बालोचा आहे, तो राहू द्यावा.

झोप लागली तर उठवत नाही. घोरायला लागलात तर हळूच हलवतो.

ही शुद्ध फसवणूक नाही कशावरून? रेघोट्या तर कुणीही मारेल.

फसवणूक असू शकते. वाईट कथापट असतात तसे वाईट अमूर्त चित्रपटही असतात, आणि त्यांना अवघडपणाच्या आड लपणं सोपं जातं. म्हणून हा प्रश्न विचारत राहायला हवा.

माझी कसोटी अशी : चांगली फिल्म स्वतःचा एक नियम लवकर दाखवून देते, आणि मग तो पाळते किंवा जाणूनबुजून मोडते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात काम करणारे नॉर्मन मॅकलॅरन आणि एव्हलिन लॅम्बार्ट यांनी १९४९ मध्ये ‘बिगॉन डल केअर’ केली. ऑस्कर पीटरसन यांच्या पियानोवर फिल्मच्या पट्टीवरच रंग लावून, ओरखडे काढून केलेली ही आठेक मिनिटांची फिल्म. पहिल्या भागात रंगांचा धबधबा. दुसऱ्या भागात पियानो संथ होतो, पडदा काळा होतो, आणि त्यावर खरवडलेल्या एक-दोन बारीक उभ्या रेषा हलत राहतात. इतक्या कमी ऐवजावर तो भाग उभा आहे, की एक रेषा जास्त झाली असती तरी खटकलं असतं. मग तिसऱ्यात सगळं पुन्हा उसळतं. ही कुणीही मारलेली रेघोटी नव्हे, कारण ती कधी मारायची नाही हे मारणाऱ्याला माहीत आहे.

दुसरी कसोटी म्हणजे पुन्हा बघणं. पोकळ फिल्म दुसऱ्यांदा आणखी पोकळ होते. म्हणून छोट्या फिल्मा आम्ही लागोपाठ दोनदा लावतो.

हे सगळं परदेशी फॅड नाही का?

अजिबात नाही, आणि इंदूरकरांनी तर असं म्हणूच नये.

मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मले, पण लहानाचे मोठे इंदुरात झाले आणि चित्रकलेचे पहिले धडेही त्यांनी इथेच गिरवले. १९६७ साली लघुपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजन या संस्थेसाठी त्यांनी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केली. राजस्थानात चित्रित केलेली, वीस मिनिटांच्या आतली, कथा नाही, संवाद नाहीत. कंदील, छत्री, जोडा अशा वस्तू जिथे अपेक्षा नाही तिथे येत राहतात. तिला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटासाठीचं गोल्डन बेअर मिळालं.

त्याच काळात फिल्म्स डिव्हिजनमध्ये मूळचे ओडिशाचे प्रमोद पती होते. प्रागला यिर्झी त्रिंका यांच्याकडे बाहुल्यांचा चलत्पट (ॲनिमेशन) शिकून आलेले. त्यांची ‘एक्सप्लोरर’ १९६८ ची, सातेक मिनिटांची. नाचणारी तरुण मुलं, वैज्ञानिक उपकरणं आणि धार्मिक चिन्हं इतक्या वेगाने एकमेकांवर आदळतात, की डोळा एक पकडेपर्यंत तिसरं आलेलं असतं. विजय राघव राव यांचं ध्वनिसंयोजनही तेवढंच तिखट. ही संस्था सरकारी होती, याचं मला आजही अप्रूप वाटतं. सिनेमागृहाच्या लायसनची अटच होती, की मुख्य सिनेमाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवायचा. म्हणजे मधुमिलन किंवा रीगलसारख्या टॉकीजमध्ये हिंदी सिनेमाला गेलेल्या आपल्या आई-वडिलांना, काका-काकूंना फिल्म्स डिव्हिजनचं काम बघावंच लागत होतं. चित्रकारही मागे नव्हते : अकबर पदमसी यांनी १९७० च्या आसपास नुसत्या रेषांची मूक ‘सिझिजी’ केली, तय्यब मेहतांनी ‘कूडल’.

आणि मुक्तिबोध. गजानन माधव मुक्तिबोध आपल्याच माळव्या-ग्वाल्हेरचे. जन्म १९१७ चा, श्योपूरचा. शिक्षण इंदूरच्या होळकर कॉलेजात. घरात मराठी, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले कवी. गजानन माधवांच्या कथा, कविता आणि गद्य यांची वीण घालून मणी कौल यांनी १९८० मध्ये ‘सतह से उठता आदमी’ केला. पात्रं आहेत, पण त्यांचं चरित्र सांगितलं जात नाही; ती चालतात, बोलतात, आणि मुक्तिबोधांचे शब्द त्यांच्यावरून वाहत जातात. कारखान्यातलं एक मोठं दृश्य आहे, त्यात यंत्रांशिवाय जवळजवळ काही नाही. आमच्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांना हा सिनेमा तरुणांपेक्षा जवळचा वाटतो. त्यातली भाड्याची खोली, कळकट भिंत, नोकरी आणि लेखन यांच्यात पिचलेला माणूस त्यांनी आजूबाजूला बघितलेला आहे.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे सोपं जातं का?

पुष्कळदा हो. मणी कौल स्वतः डागर उस्तादांकडे धृपद शिकले, आणि १९८२ मध्ये त्यांनी त्याच गायकीवर ‘ध्रुपद’ केला. आलापात एक स्वर लागायला वेळ घेतात, तसा शॉटला वेळ द्यायचा, हे त्यांच्या सिनेमात सरळ दिसतं.

पण मला जास्त मोलाची वाटते ती उस्ताद अमीर खाँसाहेबांची गोष्ट. इंदूर घराण्याचे हे बुजुर्ग तराण्याचे बोल निरर्थक मानत नसत. त्यांत फारसी-अरबी अर्थ आहे असं त्यांचं मत होतं, आणि त्याचा त्यांनी अभ्यासही केला. ज्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं त्यांनाही त्यांचा तराणा भिडला. अर्थ असणं आणि अर्थ कळल्याशिवाय भिडणं, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. अमूर्त सिनेमालाही बहुतेक वेळा करणाऱ्याच्या मनात पक्का अर्थ असतो. तो तुम्हाला ठाऊक असणं ही प्रवेशाची अट नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. गाण्याचा कान तयार असलेले काही रसिक डोळ्यांच्या बाबतीत फार अधीर असतात. अडीच तासांची मैफल सहज ऐकतील, पण स्थिर शॉट दोन मिनिटं टिकला की अस्वस्थ होतात.

या सिनेमात भावना नसतात का?

डेरेक जार्मन या इंग्रज दिग्दर्शकाची ‘ब्लू’ (१९९३) बघून हा प्रश्न परत विचारा. एड्सने त्यांची दृष्टी जात चालली होती. एकोणऐंशी मिनिटं पडद्यावर एकच सपाट निळा रंग आहे. ऐकू येतात ते आवाज : दवाखान्यातली प्रतीक्षा, औषधं, गेलेले मित्र, समुद्र. चित्र न बदलल्यामुळे आपणच त्या निळ्यात चित्रं घालायला लागतो. पुढच्याच वर्षी जार्मन गेले. ही फिल्म दाखवल्यानंतर आम्ही चर्चा ठेवत नाही, चहा ठेवतो.

सुरुवात कुठून करू?

छोट्यापासून, आणि संगीत असलेल्यापासून. मॅकलॅरन सगळ्यात उत्तम. त्यांच्या बऱ्याच फिल्मा कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. मग हुसेन आणि प्रमोद पती. फिल्म्स डिव्हिजनने (२०२२ मध्ये ती एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली) आपले अनेक लघुपट स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकले होते, तिथे शोधा. त्यानंतर मूक ब्रॅकेज. लांब आणि संथ सिनेमा सगळ्यात शेवटी, आणि तो शक्यतो चार माणसांबरोबर. अँडी वॉरहॉलच्या ‘एम्पायर’ने, म्हणजे एकाच इमारतीकडे आठ तास बघत राहणाऱ्या फिल्मने, कृपा करून सुरुवात करू नका.

घरी मोबाइलवर बघितलं तर काय बिघडलं?

कथापट मोबाइलवर निभावतो, कारण गोष्ट कळते. अमूर्त सिनेमात चित्राचा पोत हाच ऐवज असल्यामुळे इथे नुकसान जास्त होतं, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. इंटरनेटवरचा व्हिडिओ लहान करताना संगणक असं धरून चालतो, की शेजारशेजारच्या चौकटी बऱ्याचशा सारख्या असतात. मग फक्त बदललेला भाग साठवला तरी पुरतं. दोन माणसं बोलत बसली असतील तर हे गणित जमतं. ‘मॉथलाइट’मध्ये चौकटीगणिक सगळंच बदलतं. साठवायला जागा पुरत नाही आणि पंखाच्या शिरा चौकोनी ठिपक्यांत विरून जातात. तुम्ही बघता ते ब्रॅकेजचं काम राहत नाही.

टीव्हीवर बघणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय, म्हणजे मोशन स्मूदिंग, आधी बंद करा. ती मधल्या चौकटी स्वतः बनवून घुसडते. झगमगणाऱ्या फिल्ममध्ये तर ती सगळा ठेकाच घालवते. खोली पूर्ण अंधारी हवी. ट्यूबलाइट लावून काळा पडदा काळा दिसत नाही.

डोळ्यांना किंवा तब्येतीला त्रास होऊ शकतो का?

हो, आणि हे गंभीरपणे घ्या. काही फिल्मा निव्वळ प्रकाशाच्या उघडझापेवर उभ्या आहेत. टोनी कॉनराड यांच्या ‘द फ्लिकर’च्या (१९६६) सुरुवातीलाच धोक्याची सूचना येते. ज्यांना अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा त्रास आहे, त्यांच्यातल्या काहींना अशा प्रकाशाने झटका येऊ शकतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारी दृश्यं टाळावीत, असा संकेत म्हणूनच पाळला जातो. अर्धशिशी असणाऱ्यांनाही त्रास होतो. आम्ही अशी फिल्म असेल तर आदल्या दिवशी कळवतो आणि ती शेवटी ठेवतो, म्हणजे ज्यांना जायचं ते आधी निघू शकतात. स्वतःला किंवा घरात कुणाला असा त्रास असेल तर धीर धरून बघण्यात काही शौर्य नाही.

लहान मुलांना आणू का?

जरूर. मॅकलॅरन त्यांना सगळ्यात आधी कळतो. फक्त त्या दिवशी काय आहे ते विचारून आणा. ब्रॅकेजच्या एका फिल्ममध्ये बाळंतपण प्रत्यक्ष दाखवलं आहे.

भाषेची अडचण येईल का?

निम्म्या फिल्मांत भाषाच नसते. नंतरचं बोलणं मराठीत सुरू होतं आणि इंदूरच्या रीतीने अर्ध्यात हिंदीवर येतं.

हे थिएटरला का लागत नाही?

सात मिनिटांच्या फिल्मचं तिकीट कसं लावणार, हा साधा प्रश्न आहे. पूर्ण लांबीच्या सिनेमाचीही परवड होते. कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ चा. थिएटरात रीतसर लागायला त्याला २०१४ उजाडलं. तोवर तो हातोहाती फिरणाऱ्या प्रतींवर जगला, आणि ज्यांनी तसा बघितला त्यांतल्या कित्येकांनी पुढे सिनेमाच धरला. सानंद या इथल्या संस्थेच्या नाटकांना भरभरून जाणारं हे शहर आहे. इथे प्रेक्षक नाही असं मी मानत नाही. प्रेक्षक आहे, पण त्याच्यापर्यंत हे पोचवणारी साखळी नाही.

मध्येच उठून गेलं तर चालेल?

चालेल. दाराजवळची खुर्ची घ्या. बसून कुढण्यापेक्षा बाहेर येऊन वाऱ्याला उभं राहणं बरं. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा या, कारण दोन फिल्मांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मला स्वतः काही करून बघता येईल?

यावं म्हणूनच हे सगळं. पूर्वी फिल्मची कोरी पट्टी आणि सुई मिळाली की काम भागायचं. आता खिशात कॅमेरा आहे. आमच्याकडे नव्याने करणाऱ्याला एकच काम देतो : एखाद्या वस्तूच्या इतकं जवळ जा, की ती ओळखू येणार नाही, आणि मग तिथेच थांबा. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत कढईतल्या तेलावर बल्बचा उजेड पडतो. जिलेबी पडली, की तो फुटतो आणि पुन्हा जुळतो. तेल निवत आलं की जुळायचा वेग मंदावतो. एवढंच तीन मिनिटं चित्रित केलं, तरी बघण्याचा बराच अभ्यास होतो. डिजिटल झूम वापरू नका, चित्र फाटतं. स्वतः पुढे सरका, हात भाजणार नाही इतपत. फोन कशावर तरी टेकवून स्थिर ठेवा. मागे गाणं लावू नका. गाणं लावलं की लोक गाणं ऐकतात आणि चित्र त्याला साथ करत बसतं. मूळ आवाज ठेवा किंवा पूर्ण काढून टाका.

फिल्म तीन मिनिटांच्या आत ठेवा आणि पेन ड्राइव्हवर घेऊन या. व्हॉट्सॲपवर साधी पाठवलीत, तर वर सांगितलं तसं चित्र दाबलं जाऊन खराब होतं. आवाज काढला असेल तर फाइलच्या नावातच ‘मूक’ असं लिहा, म्हणजे लावणारा स्पीकरची वायर तपासत बसणार नाही.